भोयरांची उंच पोट्टी

खरं सांगू? मनकर्णा भोयरले मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मले वाटलं, कोणी मेला सायकलवर उभा राहून आमच्या अंगणात डोकावून राहिला. आता सांगताना हसू येते. पण त्रेसष्ट सालची गोष्ट. मी लग्न होऊन नागपुरात, सक्करदऱ्यात नवी नवी आलेली, न्हाणीसमोर केस धुवून राहिली होती, अन् भिंतीच्या वरून एक डोकं आरामात सरकत चाललं होतं. आमची भिंत काही लहान नव्हती. आमचे हे तिच्यामागं उभे राहून बिडी ओढत, तर सासऱ्यांना पत्ता लागत नसे. मी काही विचार केला नाही. तांब्यात शिकेकाईचं पाणी होतं, ते सरळ पलीकडे भिरकावलं.

जरा वेळानं फाटक वाजलं. दारात एक पोट्टी. परकर-पोलकं, दोन वेण्या लाल रिबिनीनं वर बांधलेल्या, अन् कानावरून शिकेकाईचा चोथा ओघळून राहिला. सायकल नाही, काही नाही. ती बिचारी आपल्या दोन पायांनी राशनच्या दुकानात चालली होती.

"काकू," ती म्हणे, "तुमची भिंत बुटकी आहे, त्याले मी काय करू?"

"किती वर्षाची वं तू?"

"चौदावं लागलं."

"अन् अजून वाढून राहिली?"

"माय म्हणते, आता थांबन."

कुठची थांबते. पुढच्या दोन वर्षांत तिनं सगळ्या गल्लीले खाली पाहून बोलायची सवय लावली. तिची माय जयवंताबाई उमरेडकडची, नवऱ्याच्या गिरणीतल्या नोकरीपायी गाव सोडून आलेली. माझ्याजवळ येऊन रडे. "सुमती, पोरगी हाये का ज्वारीचा धांडा? हिच्यासाठी पोरगा कुठून आणू? शिडी घेऊन फिरू का?"

मी म्हणे, "आणा ना शिडी. पोरगा चढन वर, माळ घालन."

जयवंताबाई चिडे, पण पदराआड हसे.

अशात एक दिवस तिच्या शाळेचे ड्रिलमास्तर घरी आले. मार्तंड सर. महाल भागातले, कडक इस्त्रीचे, बोलणं एकदम पुस्तकातलं. खाटेवर बसले अन् म्हणाले, "आपली मुलगी उंच आहे, म्हणून मुद्दाम आलो."

जयवंताबाईनं मान खाली घातली. "हाये थोडीशी."

"थोडीशी नको. मला उंचच हवी."

बाप्पा, जयवंताबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी. असं बोलणारा माणूस तिले आजवर भेटला नव्हता. ती धावत माझ्याकडे आली. "सुमती, पोहे टाक. अन् तिले लुगडं नेसव. मास्तर पुतण्यासाठी पाह्यले आले." लुगडं नेसवलं, ते पोट्टीच्या घोट्याच्या वर राहिलं. मनकर्णा पोह्यांची बशी घेऊन बाहेर गेली. सरांनी तिच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं अन् म्हणाले, "उडी मारून दाखव."

"आता?" जयवंताबाई म्हणे. "लुगड्यात?"

मनकर्णानं मारली. हात छपराच्या मयालीले लागला, वरची माती पोह्यांत पडली. सर खूश. "कधी पाठवता?"

"मुहूर्त पाहावं लागन ना, सर."

"मुहूर्त कशाला? उद्या सकाळी मैदानावर पाठवा. बास्केटबॉलला."

जयवंताबाईनं उरलेले पोहे आत नेले. सर उपाशीच गेले.

पण पोट्टी मैदानावर गेली ते गेलीच. मी एकदा पाह्यले गेली. मले त्या खेळातलं इतकंच कळे का टोपलीचं बूड फाटकं आहे अन् ते कोणी शिवून नाही राहिलं. पण मनकर्णाले पाहिलं. घरात दाराले, बाजेले, कंदिलाले ठेचकाळणारी पोट्टी तिथं अशी फिरे जशी पाण्यात मासोळी. चेंडू तिच्या हाताले चिकटला असन असं वाटे. तिथं कोणी "किती लांब वं ही" म्हणत नव्हतं. तिथं सगळ्या पोट्ट्या ओरडत, "मनू, मनू, इकडं." मी तिले तशी हसताना घरी कधी पाहिलं नव्हतं.

घरून ती सलवार घालून निघे. आत खेळायची चड्डी. मैदानाजवळच्या कडुलिंबामागं सलवार काढून झोळ्यात. येताना परत वर. जयवंताबाईले हे ठाऊक नव्हतं असं मनकर्णाले वाटे, अन् मनकर्णाले हे वाटते हे जयवंताबाईले ठाऊक होतं. चड्डी धुऊन वाळत तर मायच घाले, लुगड्याच्या आड.

मंग विदर्भाच्या टीममध्ये गेली. कलकत्ता, जयपूर, मद्रास करून आली. सत्तर साली रेल्वेनं तिले खेळाडू म्हणून घेतलं. त्या काळी बाईनं खेळून पोट भरायचं म्हणजे असंच, सकाळी टाइपरायटर अन् दुपारपासून मैदान. पहिल्या पगाराचे तिनं जोडे आणले, पांढरे कॅनव्हासचे. तिच्या पायाचा बायकी जोडा नागपुरात मिळेना, माणसांचे घ्यावे लागले. मी म्हटलं, "एकात आमचा बाळू झोपन." ती म्हणे, "झोपवा काकू, पण मुतू देऊ नका."

पोरंही पाहिले आम्ही तिच्यासाठी. एक वर्ध्याचा मास्तर मीच आणला होता. पोट्टा चांगला, खांद्यापर्यंत येणारा. तो म्हणे, लग्नानंतर खेळ बंद. मनकर्णानं त्याले विचारलं, "तुम्ही लग्नानंतर काय बंद करून राहिले?" झालं, मास्तर परत वर्ध्याले. जयवंताबाई माझ्यासंगं आठवडाभर बोलली नाही, जसं काही तो प्रश्न मीच शिकवला होता.

बहात्तर साली देशातल्या मोठ्या टीमा नागपुरात खेळाले आल्या. त्या मॅची पाहून इंडियाच्या कॅम्पसाठी पोट्ट्या निवडणार होते. मनकर्णा तेवीस वर्षाची. रात्री आमच्या ओट्यावर येऊन बसे अन् बोलता बोलता हातानं हवेतच चेंडू फेके. मी म्हटलं, "निवडली तर काय होईन वं?"

ती म्हणे, "छातीवर इंडिया लिहिलेलं बनियन भेटते, काकू."

"बस? बनियनासाठी एवढं?"

"हो. एकदा घालून खेळीन. मंग तुम्ही म्हणसान त्या मास्तराशी लग्न करीन."

फायनलच्या दिवशी जयवंताबाई पहिल्यांदा पोरीची मॅच पाह्यले निघाली. इतके वर्षं नाही म्हणत होती, लोक काय म्हणतीन म्हणून. त्या दिवशी सकाळीच गेली, लग्नातलं जांभळं लुगडं नेसून, काखेत डबा. मले वाटलं डब्यात लाडू असतीन. डब्यात होती रांगोळी.

आता तुम्हीच सांगा. मोठा पाहुणा यायचा, मांडव घातलेला, अन् सिमिटाच्या मैदानाच्या मधोमध एवढं मोठं वर्तुळ आयतं आखलेलं, अन् आत काहीच नाही. आमच्याकडची कोणती बाई ते तसं रिकामं ठेवन? जयवंताबाईले तर ते अपशकुनीच वाटलं. बसली मांडी घालून. कमळ काढलं, चार मोर काढले, गुलाबी अन् हिरवा रंग भरला. मॅच भरवणारे लोकही वाहवा करून राहिले. मोठे पाहुणे आले तर रांगोळीपाशी थांबले, हात जोडले, कोणी काढली म्हणून विचारलं. जयवंताबाई त्या दिवशी जमिनीवर नव्हती.

मॅचच्या आधी एका माणसानं झाडूनं रांगोळी झाडून काढली. झाडूनं. रांगोळीची बारीक भुकटी सिमिटावरून झाडूनं निघते का?

मनकर्णा काय खेळली त्या दिवशी. मले खेळ कळत नाही तरी मी उभी राहून ओरडून राहिली होती. जयवंताबाई डोळे मिटून, मधात एक डोळा उघडून पाहे. दुसऱ्या अर्ध्यात मनकर्णानं मैदानाच्या मधात चेंडू पकडला अन् गर्रकन वळली. पाय सरकला. गुडघा एकीकडे, ती एकीकडे. चेंडू आपला उड्या मारत बाहेर गेला.

धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं गुडघा हलवून पाहिला, चष्मा काढला, अन् म्हणाला, आतला बंध तुटला, चालता येईल, पळणं विसरा. जयवंताबाई तेव्हा बाहेर मारुतीले नवस बोलून राहिली होती. मनकर्णानं माझा पदर ओढला.

"काकू, माझा जोडा पाहा."

मी उचलला. पांढऱ्या जोड्याच्या तळाले गुलाबी-हिरवी भुकटी.

"पुसून टाका," ती म्हणे. "माय येऊन राहिली."

मी पदरानं पुसला. जयवंताबाई आत आली, पोरीच्या कपाळावर अंगारा लावला. विचारलं, "कशी वं पडली तू?"

"लेस सुटली होती."

संध्याकाळी मार्तंड सर आले. कॅम्पच्या निवडीत तिचं नाव पहिलं होतं, म्हणाले. अन् मंग ते तिच्याकडे न पाहता भिंतीवरच्या कॅलेंडराकडेच पाहत बसले.

तिच्या टीममधल्या दोन पोट्ट्याही निवडल्या होत्या. त्या निघाल्या त्या दिवशी मनकर्णा प्लास्टर घेऊन, काखेत कुबड्या लावून स्टेशनवर गेली. संगं मी. तिनं त्यांच्यासाठी पुडाच्या वड्या करून घेतल्या होत्या. गाडी हलायच्या आधी तिनं झोळ्यातून आपले जोडे काढून एकीच्या हातात दिले. ती पोट्टी म्हणे, "मनू, मले मोठे होतीन गं."

"कापूस भर. पण घाल."

गाडी सुटली तशी ही कुबड्या टेकत टेकत डब्यासंगं चालाले लागली. मी म्हटलं, "थांब वं, पडशीन." ती फलाट संपेपर्यंत चालली. मंग तिथंच उभी राहिली. मी एक वडी तिच्या हातात दिली. तिनं ती हातातच धरून ठेवली, घरापर्यंत.

त्यानंतरचे वर्षं तसेच गेले. ती हापिसात जाये, टाइप करे, लंगडत घरी ये. कोणी विचारलं का, "मनकर्णा, आता काय?" तर म्हणे, "पाय ठीक होऊन राहिला, दिवाळीनंतर खेळीन." कोणती दिवाळी ते सांगत नसे. मैदान आमच्या घरापासून दूर नव्हतं. सूर्य खाली गेला का चेंडूचा आवाज ये, ठप ठप ठप. आमच्या ओट्यावर बसून ती भाजी निवडू लागत असे. आवाज आला का हातातली मेथीची काडी तशीच राही. मी काहीतरी बडबडत राही. ती हो-हो म्हणे. अन् आवाज थांबला का मंग विचारे, "काय म्हणत होत्या तुम्ही, काकू?"

जयवंताबाईचं तिसरंच. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाले सांगे, मोठ्या पाहुण्यानं माझ्या रांगोळीले हात जोडले होते. मोर कसे होते, रंग कोणता होता, सगळं. मनकर्णा बाजूले बसून ऐके. एकदा मले राहवलं नाही, मी विषय बदलाले गेली, तर मनकर्णाच म्हणे, "सांगू द्या ना काकू. माय, चोचीत काय होतं वं मोराच्या?" अन् जयवंताबाई अजून रंगात आली.

सर दर महिन्याले येत. "मनकर्णा, पोरींना शिकव. माझे पाय आता चालत नाहीत."

ती म्हणे, "सर, शिकवणारा म्हणजे खेळणं संपलेला माणूस. माझं अजून संपलं नाही."

"अगं, मग तोवर शिकव."

"नाही सर."

दोन वर्षं असंच. शेवटी मास्तरांनी डाव टाकला अन् त्यात मलेही घेतलं. एका संध्याकाळी ते म्हणाले, "मनकर्णा, ही शिट्टी जरा धर. सुमतीबाईंकडे चहा पिऊन येतो. पोरी भांडतील, नुसतं लक्ष ठेव." तिनं शिट्टी धरली. सर आमच्याकडे आले, चहा प्याले, मंग दुसरा प्याले, मंग मागच्या दारानं महालात निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तब्येतीचं कळवलं. तिसऱ्या दिवशीही तेच. मी तिले म्हणे, "बिचाऱ्या सरांचा ताप उतरूनच नाही राहिला." अन् सर तिकडे रोज तळ्यावर फिरायले जाऊन राहिले होते.

तिकडे मैदानावर पोट्ट्या चेंडू असा फेकत होत्या जसा शेणाचा गोळा भिंतीवर. मनकर्णाले पहिल्या दिवशी ते पाहवलं नाही, दुसऱ्या दिवशी ती ओरडली, तिसऱ्या दिवशी शिट्टी गळ्यात. सर बरे होऊन आले तेव्हा तिनं शिट्टी द्यायले हात पुढं केला. सर म्हणाले, "राहू दे, माझे दात हलतात." ती समजली. माझ्याकडे असं पाहिलं का मी चहाची भांडी घासाले आत गेली.

शिकवायले लागली तरी तिनं स्वतःले कधी कोच म्हटलं नाही. म्हणे, "मी पोट्ट्यांसंगं असते." अन् एक नेम तिचा पक्का. खेळ सुरू व्हायच्या आधी मैदान ओल्या पोत्यानं पुसायचं. पोट्ट्या पुसत, पण मधलं वर्तुळ तीच पुसे. गुडघा वाकत नसे, तर एक पाय लांब पसरून, बसून, सरकत सरकत. पोट्ट्या आपसांत हसत, मॅडमले धुळीचं वेड आहे म्हणून. कोणी विचारलं तर ती म्हणे, "अभ्यास झाला का तुमचा?"

अन् जयवंताबाई. ती रोज संध्याकाळी मैदानावर येऊन बसे, अन् खेळाच्या आधी एकेका पोट्टीच्या पायाशी वाकून लेस पाहे. "दोन गाठी मारा वं माय. माझ्या मनूची एकदा सुटली होती, तर सगळं गेलं." पोट्ट्या पाय पुढं करत. मनकर्णा तेव्हा दुसरीकडे तोंड करून शिट्टी पुसत उभी राहे. अठ्ठ्याहत्तर साली जयवंताबाई गेली, तोवर हे चाललं. ती गेली तरी पोट्ट्या दोन गाठी मारायच्या थांबल्या नाहीत.

मी एकदा तिले विचारलं. ओट्यावर आम्ही दोघीच होतो. "मनू, आता तरी सांग. अजून खेळावं वाटते का वं?"

ती जरा हसली. "काकू, झोपेत पळते मी. दोन्ही पाय चांगले असतात. सकाळी उठली का पहिले पाय खाली टेकवून पाहते."

मी म्हटलं, "अन् बनियन असते का अंगात?"

"ते नाही दिसत," ती म्हणे. "चेंडूच दिसते."

त्र्याऐंशी साली तिच्या पोट्ट्यांनी राज्याचा कप आणला. पुष्पलता म्हणून कॅप्टन होती, चांगली उंच, पण मनकर्णापेक्षा बोटभर कमीच. गावात पेढे वाटले, क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांनी फोटो काढायचं ठरवलं. जरीपटक्याहून ताराचंद फोटोग्राफर आला, तीन पायांचा कॅमेरा, वर काळं कापड. मीही गेली, पेढे उरले तर पाहावं म्हणून.

ताराचंदनं समोर तीन खुर्च्या मांडल्या. एक अध्यक्षांची, एक सेक्रेटरीची, एक मनकर्णाची. खाली सतरंजीवर लहान पोट्ट्या, मागं उंच पोट्ट्या उभ्या. मनकर्णा पांढऱ्या साडीवर टीमचा निळा कोट घालून आली अन् खुर्चीकडे न पाहता सरळ मागं जाऊन उभी राहिली.

"मॅडम," ताराचंद म्हणे, "कोच आगे. ये कुर्सी आपकी है."

"मी इथंच बरी."

"मागं तर खेळाडू राहतात, मॅडम."

"मागं कोण राहते म्हटलं तुम्ही आता? पोट्ट्यांना सांगून राहिले होते ते?"

"उंच."

"मंग? माझ्याहून उंच कोण आहे इथं, दाखवा."

ताराचंदनं ओळ पाहिली. पुष्पलतानं हळूच टाचा उचलल्या. "टाचा टेकव वं," मनकर्णा म्हणे. टेकल्या.

अध्यक्ष वळून म्हणाले, "मनकर्णाबाई, बरं दिसत नाही. तुम्ही कोच आहात."

"साहेब, उंच माणूस खुर्चीवर बसला का मागच्यांची तोंडं झाकतात. विचारा यांना."

ताराचंद अडकला. "वो तो है," म्हणे. "पण मॅडम, खुर्ची रिकामी दिसन. फोटोत दात पडल्यासारखी."

"काकूले बसवा."

मी तोंडातला पेढा गिळला. "मले? मी काय केलं वं या टीमसाठी?"

"चहा पाजला होता ना सरांना," ती म्हणे. ती विसरली नव्हती तर. "बसा. बसायचंच आहे, खेळायचं थोडी आहे."

मले हाताले धरून पोट्ट्यांनी खुर्चीत बसवलं. मी मागं वळून पाहिलं तर मनकर्णा साडीचा पदर काढून कोटाच्या आत खुपसून राहिली होती. कोटाची चेन पार गळ्यापर्यंत ओढली. समोर आमच्या खुर्च्या, साडी कुठं दिसेना. नुसतं डोकं, खांदे अन् निळा कोट, जसा बाकीच्यांचा होता तसाच. पुष्पलताच्या हातातून चेंडू घेतला, तो छातीशी धरला. पुष्पलतानं जरा सरकून तिले जागा दिली.

ताराचंद काळ्या कापडात घुसला. आतून आवाज आला, "मॅडम, थोडं झुका. आपलं डोकं कटून राहिलं."

"नाही झुकणार," मनकर्णा म्हणे. "कॅमेरा मागं घ्या."

"मागं नाली आहे, मॅडम."

"मंग नालीपलीकडे जा."

ताराचंद कापडातून बाहेर आला, नालीकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं. त्यानं कॅमेरा खांद्यावर उचलला अन् नाली ओलांडून पलीकडे जाऊन मांडला.